हिशेब तपासणारा वाचक

सामाजिक कादंबरी वाचून संपली की वाचक हळहळतो, चिडतो, फार तर लेखकाच्या भाषेवर दोन शब्द बोलतो. विज्ञान कादंबरीचा वाचक हे सगळे करतोच, शिवाय कागद-पेन्सिल घेऊन बसतो. यान किती वेगाने निघाले, किती दिवसांत पोचले, मधल्या काळात प्राणवायू पुरला कसा, हे त्याला स्वतः पडताळून पाहायचे असते. आणि आकडा जुळला नाही तर लेखकाला कळवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत गाजलेल्या ‘द मार्शियन’, ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ या कादंबऱ्या वाचताना मलाही ही खोड आवरता आली नाही. ती आली कुठून याचा शोध घेऊ लागल्यावर ध्यानात आले, की ती विज्ञानकथेइतकीच जुनी आहे आणि या साहित्यप्रकाराला आजचे रूप येण्यात तिचा वाटा लेखकांच्या प्रतिभेपेक्षा फारसा कमी नाही. तेव्हा आपण सुरुवात करू ती थेट सतराव्या शतकाच्या आरंभी, प्राग शहरात.

योहानेस केप्लर तेव्हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी राजगणिती होता. ग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात हे सांगणारा त्याचा ग्रंथ १६०९ मध्ये बाहेर पडला. त्याच सुमारास त्याने ‘सोम्नियम’, म्हणजे ‘स्वप्न’, या नावाची एक छोटी लॅटिन कथा लिहून काढली. आइसलँडमधला एक तरुण आपल्या आईच्या ओळखीतल्या पिशाच्चांकरवी चंद्रावरचे वर्णन ऐकतो, असे तिचे सूत्र. गोष्ट पिशाच्चांची खरी, पण प्रवासाचा तपशील गणितज्ञाचा: उड्डाणाचा हिसका सोसावा म्हणून प्रवाशाला अफू देऊन गुंगवायचे आणि वर हवा नसते म्हणून नाकाशी ओले स्पंज धरायचे. १६११ मध्ये या हस्तलिखिताची एक प्रत प्रागबाहेर गेली, लाइपझिगवरून ट्यूबिंगेनला पोचली आणि केप्लरला नको असलेले वाचक मिळाले. पुढे टिपांमध्ये केप्लरने कडवटपणे लिहून ठेवले आहे, की न्हाव्यांच्या दुकानांतसुद्धा या कथेची कुजबुज चालू होती. कथेतली आई जडीबुटी विकते आणि भुतांशी बोलते. केप्लरची स्वतःची आई काटारिना ही लेओनबर्ग गावात झाडपाल्याची औषधे देणारी, तोंडाने फटकळ अशी म्हातारी. लोकांनी दोघी एकच धरल्या. १६१५ मध्ये तिच्यावर चेटकीपणाचा आरोप आला, १६२० मध्ये तिला अटक झाली आणि चौदा महिने साखळदंडात काढल्यावर, मुलाने स्वतः बचावाचे काम अंगावर घेतले तेव्हा कुठे ती सुटली. खटल्यामागे गावातली जुनी भांडणेही होती. पण आपल्या कथेने त्या आगीत तेल ओतले अशी केप्लरची समजूत झाली ती कायमची.

ह्या दुर्दैवी वाचनाला त्याने दिलेले उत्तर विलक्षण आहे. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्याने मूळ कथेला २२३ टिपा जोडल्या. कथा लहानशी आणि टिपा तिच्या कितीतरी पट लांब. पिशाच्च म्हणजे काय, सावलीतून प्रवास का करायचा, चंद्राकडे जाताना ओढ कुठे संपते, हे सारे त्याने वाचकाच्या गळी उतरेपर्यंत समजावले. केप्लर १६३० मध्ये वारला; १६३४ मध्ये त्याच्या मुलाने टिपांसह पुस्तक छापले. वाचकांच्या प्रतिक्रियेला लेखकाने दिलेले इतके लांबलचक उत्तर मला तरी दुसरे आठवत नाही. कथा सांगायची आणि मग तिचा हिशेबही मांडून दाखवायचा, हा रिवाज इथे सुरू झाला.

त्यानंतरची दोनशे-सव्वादोनशे वर्षे आपण ओलांडू आणि १८६५ च्या फ्रान्समध्ये येऊ. ज्यूल व्हर्नच्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीत अमेरिकन तोफबहाद्दर फ्लोरिडात ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओततात आणि सेकंदाला १२,००० यार्ड वेगाने गोळा चंद्राकडे सोडतात. गोळ्यात तीन माणसे. वेग अगदी हिशेबी निवडलेला आहे, पृथ्वीची ओढ तोडायला साधारण तेवढाच लागतो. पण हेर्मान ओबर्ट नावाच्या ट्रान्सिल्व्हानियातल्या शाळकरी मुलाने ही कादंबरी वाचली आणि त्याला दुसराच प्रश्न पडला. नऊशे फुटांत एवढा वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या किती पट भार येईल? आपणही करून पाहू शकतो, दोन ओळींचे गणित आहे: उत्तर वीस हजार पटींच्या वर जाते. तिन्ही प्रवाशांचा गोळ्याच्या तळाशी लेप झाला असता. मग तोफेऐवजी हळूहळू वेग वाढवणारे काही हवे, असा विचार करत ओबर्ट अग्निबाणाकडे वळला आणि १९२३ मध्ये त्याने ग्रहांकडे जाणाऱ्या अग्निबाणावर पुस्तक लिहिले. जर्मन अग्निबाणशास्त्राचा पाया त्या पुस्तकाने घातला. एका वाचकाने काढलेली चूक इतकी फळाला आल्याचे उदाहरण विरळाच. अटलांटिकपलीकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये, १८९८ साली सोळा वर्षांच्या रॉबर्ट गॉडर्डने एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वर्तमानपत्रात क्रमशः वाचली. द्रव इंधनाचे पहिले रॉकेट त्याने १९२६ मध्ये उडवले आणि १९३२ मध्ये, स्वतः पन्नाशीला टेकलेला असताना, वेल्सला पत्र लिहून त्या वाचनाचे ऋण कळवले.

व्हर्न स्वतःही वाचक म्हणून काही कमी तिखट नव्हता. वेल्सने १९०१ मध्ये चंद्रावर माणसे पाठवली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक द्रव्याच्या जोरावर. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत व्हर्नने यावर नापसंती दाखवली: मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ धातूच निर्माण करतो, तो धातू दाखवा म्हणावे. हा वाद आजही मिटलेला नाही. खरे तर विज्ञानकथेचा कुठलाही वाचक एकतर व्हर्नच्या बाजूचा असतो किंवा वेल्सच्या, आणि सोमवारी एका बाजूचा, मंगळवारी दुसऱ्या बाजूचा असलेलेही पुष्कळ. मराठीत व्हर्न आधी आला. त्याच्या चंद्रसफरीचे भाषांतर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकाने छापले आणि पुढे भा. रा. भागवतांनी तो मुलांच्या हाती दिला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी फास्टर फेणे आणि व्हर्न एकाच कपाटातून काढून वाचले.

आता वळण येते ते न्यूयॉर्कमध्ये. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून १९०४ साली अमेरिकेत आलेला उद्योगी माणूस. रेडिओचे सुटे भाग विकायचे, त्यांची माहिती देणारी मासिके काढायची आणि त्या मासिकांत भविष्यातल्या यंत्रांच्या गोष्टी घुसडायच्या, असा त्याचा व्यवसाय. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले, केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक. पहिल्या अंकात पो, व्हर्न, वेल्स आणि इतरांच्या जुन्याच कथा होत्या, आणि संपादकीयाच्या माथ्यावर अमियांमधल्या व्हर्नच्या समाधीचे चित्र. लेखकांना मानधन देण्यात गर्न्सबॅकचा हात भलताच आखडता होता आणि त्याची वाङ्मयीन जाण बेताची, हे खरे. तरीही त्याच्याकडून एक असे काम झाले ज्याने सगळे बदलले. १९२७ पासून त्याने ‘डिस्कशन्स’ नावाचे वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू केले आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता छापला.

पत्ता छापण्याने काय होईल याची कल्पना बहुधा त्यालाही नसावी. ओहायोमधल्या एखाद्या गावात आपल्यासारखा वेडा दुसरा कोणी नाही असे समजणाऱ्या पोराला कळले, की तीन गल्ल्या सोडून आणखी एक आहे. वाचक संपादकाला वळसा घालून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले. मंडळे निघाली. मे १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे वाचकांनी वाचकांसाठी चक्रमुद्रित केलेले पत्रक निघाले; फॅनझिन म्हणतात त्या प्रकारातले ते पहिले. क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल या मुलाने १९३३ मध्ये स्वतःच्या अशाच पत्रकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले, एका खलनायकासाठी! इकडे ‘अमेझिंग’च्या पत्रसदरात वाचक ईथरच्या अस्तित्वावर आणि गोठवलेल्या माणसाच्या पुनरुज्जीवनावर हातघाईला आले होते. त्यांना उत्तरे देणारे टी. ओकॉनर स्लोन हे वृद्ध संपादक १८५१ सालचे. एडिसन तरुण असतानाचा काळ त्यांनी पाहिलेला. माणूस कधीकाळी अंतराळात जाईल यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता आणि ते तसे छापतही. विज्ञानकथेच्या मासिकाच्या संपादकाने असे म्हणावे, आणि वाचकांनी त्याला दर महिन्याला खोडून काढावे, हा मला त्या काळातला सर्वांत रम्य प्रकार वाटतो.

ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात मासिकेही विकायला असत. ती विक्रीला ठेवण्याआधी जपून वाचणारा तिथला मुलगा म्हणजे आयझॅक असिमॉव्ह. १९३० च्या दशकात ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या ‘ब्रास टॅक्स’ या पत्रसदरात तो नेमाने लिही: कुठली कथा उत्तम, कुठली टाकाऊ, कथांमध्ये बायकांची लुडबूड कशाला. (शेवटच्या मुद्द्यावर वाचक मुलींनी त्याची त्याच सदरात चांगली हजेरी घेतली.) जून १९३८ मध्ये अठरा वर्षांचा असिमॉव्ह आपली पहिली कथा घेऊन त्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांच्या कचेरीत गेला. कथा परत आली. पण कॅम्बेल त्याच्याशी तासभर बोलले, कारण पत्रांमुळे ते त्याला ओळखत होते. या साहित्यप्रकारात लेखक वाचकांच्या रांगेतूनच उठून पुढे येतो, ही रीत इथून पक्की झाली. कॅम्बेल यांनी त्याच वर्षी वाचकांच्या पत्रांतल्या पसंतीवरून प्रत्येक अंकातल्या कथांचा क्रम लावून छापायला सुरुवात केली.

यातला एक किस्सा थोडा रेंगाळून सांगावा असा आहे. नोव्हेंबर १९४८ च्या अंकात बफेलो शहरातल्या एका वाचकाचे पत्र छापून आले. त्याने नेहमीसारखी कथांची उजवी-डावी केली होती. गंमत एवढीच, की तो अंक होता नोव्हेंबर १९४९ चा, म्हणजे वर्षभरानंतरचा. हाइनलाइन, स्टर्जन, व्हॅन व्होग्ट, डेल रे, डी कॅम्प यांच्या न लिहिलेल्या कथांची नावे, त्यांचा क्रम, मुखपृष्ठावरचे चित्र, सगळे त्याने रचले होते. दुसरा संपादक हसून पुढे गेला असता. कॅम्बेल यांनी त्या-त्या लेखकाला गुपचूप निरोप धाडले: या नावाची कथा लिहून द्या. नोव्हेंबर १९४९ चा अंक दुकानांत आला तेव्हा त्यातल्या बहुतेक कथा पत्रातल्या नावांच्याच होत्या. हाइनलाइनच्या वाट्याला ‘गल्फ’ हे नाव आले होते. त्यासाठी विषय शोधताना त्याची पत्नी व्हर्जिनिया हिने सुचवले, की मंगळवासीयांनी वाढवलेल्या माणसाच्या पोराची गोष्ट लिही, किपलिंगच्या मोगलीसारखी. कल्पना एका कथेत मावेना म्हणून बाजूला ठेवली गेली. १९६१ मध्ये ती ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ होऊन बाहेर आली आणि पुढे अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीच्या उशाशी जाऊन बसली. एका वाचकाच्या टवाळखोर पत्राचे हे नातवंड.

युद्धानंतर हिशेबाचा खेळ नियमबद्ध झाला. हाल क्लेमंट हा शाळेत विज्ञान शिकवणारा लेखक. १९५३ मध्ये ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही त्याची कादंबरी क्रमशः येत असताना त्याने तिच्यातल्या मेस्क्लिन ग्रहाची गणिते एका लेखात उघडी केली. हा ग्रह अठरा मिनिटांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांवर कित्येक शेकडा पट. क्लेमंटच्या मते हा दोन पक्षांचा डाव होता; लेखकाने चूक लपवायची, वाचकाने पकडायची. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी डाव स्वीकारला आणि ग्रहाचा आकार त्याच्या हिशेबापेक्षा वेगळा, कडेला धारदार होईल असे दाखवून दिले. क्लेमंटने ते खिलाडूपणे मान्य केले. लॅरी निव्हनवरची वेळ अधिक नाट्यमय होती. १९७० च्या ‘रिंगवर्ल्ड’मध्ये त्याने एका ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढे अखंड कडे उभे केले. पहिल्या आवृत्तीत त्याच्या नायकाच्या प्रवासात पृथ्वी उलट दिशेने फिरत होती, ते वाचकांनी लगेच दाखवले. १९७१ मध्ये बोस्टनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात कादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि त्याच संमेलनात एमआयटीची पोरे हॉटेलच्या वऱ्हांड्यांतून ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशी घोषणा देत हिंडली. त्यांचे बरोबर होते: असे ताठ कडे किंचित सरकले तरी ताऱ्यावर जाऊन आदळेल. निव्हनने कडे सावरणारी इंजिने बसवण्यासाठी दुसरी कादंबरीच लिहिली.

सगळ्याच प्रतिक्रिया आकड्यांच्या नव्हत्या. १९४५ मध्ये डेमन नाइट या तेव्हाच्या नवख्याने व्हॅन व्होग्टच्या ‘वर्ल्ड ऑफ नल-ए’ची एका फॅनझिनमध्ये अशी चिरफाड केली, की पुढे पुस्तकरूप देताना लेखकाने संहितेवर पुन्हा हात फिरवला आणि पंचवीस वर्षांनी प्रस्तावनेत त्या लेखाचा उल्लेख करणे त्याला भाग पडले. टॉम गॉडविनची १९५४ मधली ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा इंधनाच्या तोकड्या हिशेबापायी एका निरागस मुलीचा जीव घेते. वाचकांची संतप्त पत्रे कित्येक महिने येत राहिली, आणि मुलीला वाचवण्याच्या नाना युक्त्या वाचक अजूनही सुचवत असतात. अर्सुला ले ग्विनने १९६९ मध्ये ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये स्त्री-पुरुष असा भेद नसलेली माणसे रंगवली, पण त्यांच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. तक्रार झाली. १९७६ मध्ये तिने निबंध लिहून आपली बाजू मांडली; १९८७ मध्ये त्याच निबंधाला नव्या टिपा जोडून बहुतेक तक्रारी मान्य केल्या. २०१३ मध्ये अ‍ॅन लेकीने ‘अन्सिलरी जस्टिस’मध्ये सरसकट सर्वांना स्त्रीलिंगी सर्वनाम लावले, तेव्हा तिच्या मागे चार दशकांचा तो पत्रव्यवहार उभा होता.

महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात जे घडले ते आपल्या ओळखीचे आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जगताप भेटतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली होती. आपल्या नावाचे वजन न पडता कथेला कौल मिळावा, एवढाच हेतू. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली होती, त्यामुळे खगोलज्ञाने कादंबरी लिहिण्याचा संस्कार त्यांना केंब्रिजमध्येच लाभला होता. पण वाचकाशी बोलण्याची त्यांची पद्धत अस्सल इथली होती. सही मागायला आलेल्या मुलांना ते सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत, आणि उत्तरे खरोखर जात. आमच्याकडे विज्ञानकथांचे ‘ब्रास टॅक्स’ कधी जमले नाही. दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो आणि त्याला पत्रसदर नसते. त्याची थोडीफार भरपाई त्या पोस्टकार्डांनी केली असे मला वाटते.

ह्यूगो पुरस्काराचा उल्लेख वर आला. गर्न्सबॅकच्या नावाचा हा पुरस्कार १९५३ पासून वाचकच मतदानाने देतात, परीक्षक मंडळ नाही. त्याचे तोटे या शतकात दिसले. २०१५ मध्ये एका कंपूने गठ्ठा मतदान करून नामांकने काबीज केली. उरलेल्या वाचकांनी पाच विभागांत ‘कोणालाही पुरस्कार नाही’ असा कौल दिला. न वाचता बाजू घेण्याची ही चाल मला गर्न्सबॅकच्या पोरांच्या ईथरवरच्या मारामारीपेक्षा फार हलकी वाटते. तरी त्याच गोंधळात एक चांगली गोष्ट घडली. कंपूच्या यादीत आपले नाव पाहून मार्को क्लूस या लेखकाने माघार घेतली, मोकळ्या जागी चीनच्या ल्यू त्सशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली आणि ती जिंकली. आशियाई लेखकाच्या कादंबरीला मिळालेला हा पहिला ह्यूगो. २०२३ चे संमेलन चीनमध्येच, चेंगडूला भरले, आणि तिथे आर. एफ. क्वांगच्या ‘बेबल’सह काही कृती कारण न देता अपात्र ठरवल्या गेल्याचे पुढच्या जानेवारीत उघड झाले. मतमोजणीच्या तक्त्यांवरून ते हुडकून काढणारे वाचकच होते. आकडे तपासायची सवय अशी कामी आली.

ल्यूची कादंबरी वाचताना माझ्या पेन्सिलीने पहिली खूण केली ती अल्फा सेंटॉरीपाशी. कादंबरीत तिथले तीन सूर्य एकमेकांना कसेही भोवंडतात आणि त्यामुळे ग्रहावरची संस्कृती पुनःपुन्हा जळते-गोठते. प्रत्यक्षात तिथले दोन तारे ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती शिस्तीत फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्झिमा, इतका दूर आहे की त्याच्या एका फेरीला साडेपाच लाख वर्षे लागतात. तीन पिंडांचा गोंधळ तिथे नाही. हे कळूनही कादंबरी हातून सुटली नाही, कारण सांस्कृतिक क्रांतीत बापाचा खून डोळ्यांदेखत पाहिलेली ये वेनजिए परग्रहाला उत्तर पाठवते त्या क्षणाचा हिशेब वेगळ्या वहीत होतो. पण या त्रयीच्या तिसऱ्या भागातली माणसे मला कोरडी वाटली, एका कल्पनेकडून दुसरीकडे हमालासारखी ओझी वाहणारी. चिनी वाचकांचे मत तसे नव्हते. २०१० मध्ये तो भाग येऊन थोडे दिवस होतात तोच बेल्जियममध्ये शिकणाऱ्या बाओशू या टोपणनावाच्या वाचकाने कथा पुढे नेणारी आख्खी कादंबरी लिहून इंटरनेटवर टाकली. ल्यूच्या संमतीने ती पुस्तक म्हणून निघाली, इंग्रजीतही गेली, आणि बाओशू आज स्वतः नावाजलेला विज्ञानकथाकार आहे.

अँडी वीयरचा ‘द मार्शियन’ तर वाचकांच्या देखरेखीखालीच वाढला. २००९ पासून तो एकेक प्रकरण आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकी आणि वाचणारे रसायनतज्ज्ञ, अभियंते त्यातल्या चुका कळवीत. तो दुरुस्त करी. वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये त्याने ती ९९ सेंटला किंडलवर ठेवली, तीन महिन्यांत ३५,००० प्रती खपल्या, आणि मग प्रकाशक व चित्रपटवाले धावत आले. क्लेमंटचा डाव इथे उलटला. वाचक चूक पकडतो ती पुस्तक छापण्याआधी. यानाचे इंधन फोडून पाणी करणे, बटाट्यांतून किती उष्मांक मिळतील आणि ते किती दिवस पुरतील याची मांडणी, ह्या पानांवर कादंबरीची खरी गोडी आहे, आणि ती मी पुन्हा काढून वाचतो. तरी सगळे कथानक ज्यावर उभे आहे ते वादळ खोटे आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तिथला ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा वारा अंगाला झुळकीसारखा लागेल, यान उलथवणार नाही. वीयरला हे ठाऊक होते आणि त्याने ते कबूलही केले. शिवाय मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार असल्याचे फिनिक्स यानाने २००८ मध्येच कळवले होते. मंगळावर अडकलेला नायक वॉटनी ती माती धुतल्याशिवाय बटाटे लावतो. नायक इतका विनोदी का, ही माझी तक्रार मात्र विज्ञानात बसत नाही. दीड वर्ष एकटा राहिलेल्या माणसाला एकदाही मोडून रडू येत नाही, हे मला वादळापेक्षा अवघड वाटले.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ ऑक्टोबर २०२० मध्ये आली, आणि तिचे पहिले प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडते. उष्णतेची लाट, वीज गेलेली, जनरेटर बंद, लोक रात्री गच्चीवर मेलेल्या आप्तांना चादरीत गुंडाळताहेत, आणि शेवटी सारे गाव तळ्यात उतरते. पाणीही अंगापेक्षा गरम. सकाळी जवळजवळ एकटा जिवंत असतो तो फ्रँक मे, अमेरिकन मदत-कार्यकर्ता. अलीकडच्या कुठल्याही कादंबरीची सुरुवात इतकी अंगावर आली नाही. पण वाचून झाल्यावर राग आला तो याचा, की त्या तळ्यातल्या हजारोंपैकी कोणाच्या डोक्यात लेखक शिरला नाही. सगळे आपण फ्रँकच्या डोळ्यांनी पाहतो, आणि पुढे कथा झुरिकला निघून जाते. मग नेहमीसारखी पेन्सिल घेतली. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून जो पारा दिसतो, तो ३५ अंशांवर गेला की घामाने अंग निवत नाही आणि सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरतो, हा सिद्धान्त रॉबिन्सनने आधाराला घेतला आहे. कादंबरीनंतर दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांना नियंत्रित खोलीत ठेवून ही सीमा प्रत्यक्ष मोजली. दमट हवेत शरीराचा तोल ढळू लागला तो सुमारे ३१ अंशांनाच. म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची सीमा त्याहून खाली असणार. मे महिन्याच्या उत्तरार्धात मुंबईपासून गोव्यापर्यंतची किनारपट्टी ज्या हवेत दिवस काढते, तिला हा ३१ चा आकडा फार दूरचा नाही. रॉबिन्सनने आकडा चार अंशांनी जास्त धरला होता.